बुचाचा वास

चवथ होऊन आठ दिवस झालेत.
मांद्र्याच्या आमच्या रेस्टॉरंटात खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या,
समुद्राकडचं निळं प्लास्टिक काढलेलं नाही,
आणि आम्ही सातजण एका टेबलाभोवती,
प्रत्येकापुढे चार ग्लास, एक वही,
मधोमध बादली.

निफाडच्या बोरस्ते मॅडम म्हणाल्या,
बादली थुंकायला.
सान्तान वीस वर्षं बारमागे उभा. तो म्हणाला,
थेंब सांडला तर मालक पगारातून कापतो,
आणि हे थुंकायचं?
थुंकायचंच, मॅडम हसल्या,
नाहीतर चौथ्या ग्लासाला तुम्ही मला काहीही सांगाल.

ग्लास दांड्याला धरायचा, पोटाला हात नाही.
बाटलीचं नाव पाहुण्याकडे.
ज्याने मागवली त्याला आधी घोटभर,
मग थांबायचं.
थांबणं मला लगेच जमलं,
सोळा वर्षं जेवणाऱ्यांच्या पाठीशी तेच करतेय.

नाकाचं मात्र अडलं.
कागदावर छापलेलं: ब्लॅककरंट, देवदार, तंबाखूचं पान.
ब्लॅककरंट पाहिलंय कुणी?
इबोम्चा म्हणाला, इंफाळला आमच्या मागच्या अंगणात
असंच एक आंबट फळ होतं,
आणि पुढे बोललाच नाही.
दत्तगुरूने पांढऱ्या वाइनला नाक लावलं आणि दचकला:
घासलेट!
आम्ही फिदीफिदी.
बरोबर आहे, मॅडम म्हणाल्या, जाणकारही हेच म्हणतात,
फक्त जरा आदराने.

मला दारूचा एकच वास ठाऊक,
रात्री साडेदहाला दाराच्या कडीशी येणारा.
त्यावरून मी ओळखते
फेणी की उर्राक की कुणाची मिलिटरीतली बाटली,
पैसे स्वतःचे की उधारीचे,
आज ताट जेवणार की भिंतीला लागणार.
हे काही मी वहीत लिहिलं नाही.

शेवटी त्यांनी पिशवीतून एक वेगळी बाटली काढली,
काही न सांगता सगळ्यांना ओतली.
बरी आहे, सान्तान म्हणाला.
बरी आहे, बाकीचे म्हणाले.
मी ग्लास खाली ठेवला.
ही खराब आहे.

कशावरून?
आता काय सांगू? पावसाळ्यानंतर ट्रंक उघडते ना,
तळाशी लग्नातलं पातळ, पोराचं दहावीचं प्रमाणपत्र,
पुठ्ठ्याला ओल धरलेली,
तसं.
मॅडम खुर्चीवरून उठल्या.
बूच बिघडलं की हाच वास, म्हणाल्या,
उज्वलाताईंनी पकडला.
सान्तानने पुन्हा हुंगलं. बाये,
ह्या दिवसांत माझं अख्खं घर असंच येतं वासाला,
ते कुणाला परत करू?

मग सराव. मॅडम पाहुणा झाल्या,
पायावर पाय, हातात मोबाइल.
छान आहे, ओता.
मी म्हणायचं होतं, नाही, ही मी तुम्हाला देणार नाही,
बदलून आणते.
पहिल्यांदा घशातून आवाजच फुटला नाही.
दुसऱ्यांदा सॉरी सॉरी करत राहिले.
पाहुण्याचा अपमान होत नाही, मॅडम म्हणाल्या,
नुसतं सांगा. नजर खाली नको.
तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा
फ्लोरियानाने पेन्सिल खाली ठेवली
आणि कुणी हसलं नाही.

पार्सेच्या चढणीवर स्कूटर रडत होती,
तिच्या आवाजात मी ते वाक्य म्हणत आले,
एकदा जोरात, म्हणून वळणावरचं कुत्रं उठलं.

घरी आले, ट्रंक ओसरीत ओढली,
पातळ दोरीवर टाकलं. ऊन नव्हतं, तरी.

साडेदहाला कडी वाजली.
फटीतून वास आत आला. उधारीचा.
मी कडीला हात लावला,
दोन बोटांनी, दांड्याला धरतात तसा,
आणि थांबले.