ओल

मिलच्या काट्यावर एकतीस वर्षं
मी कापसाच्या गाठी तोलल्या.
व्यापारी रातोरात पाणी मारून आणत.
मी गाठीत हात खुपसून सांगायचो :
इतका कापूस, इतकी ओल.
ओलीचे पैसे मिळणार नाहीत.

आता परदेशीपुऱ्यातल्या खोलीत
चहाच्या आधी मीच काट्यावर चढतो.
कालिंदी चष्मा लावून आकडा वहीत मांडते.
शनिवारी एकसष्ट आठशे.
आज त्रेसष्ट नऊशे.

वर्षात तीनदा भरती झालो.
दिवाळीनंतर.
साडूच्या मुलाच्या लग्नानंतर.
आणि एकदा, उज्जैनच्या बसमध्ये
सारखी लघवी नको म्हणून
गोळी खिशातच ठेवली, तेव्हा.

शेवेचा डबा हल्ली सोलंकींकडे असतो.
तरी परवा त्यांच्याकडे पोह्यांवर चिमूटभर—
चिमूटभर नव्हे. मूठभर.

दहाला रजनी सिस्टरचा फोन.
"दादाजी, वजन?"
जिभेवर बासष्ट तयार असतं.
कालिंदी वही मिटत नाही.
मी नडगीवर अंगठा दाबून बघतो,
खळगा पडतो,
भरून यायला वेळ घेतो.

"त्रेसष्ट नऊशे."
"रात्री उशा किती?"
"तीन."
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.
"डॉक्टरांना विचारून गोळी वाढवते,
चारला परत फोन करीन.
और सेव?"

मी गप्प.
शहराच्या त्या टोकावरून
पोरीचा हात थेट गाठीत,
कोपरापर्यंत.