पाठमोरी पाच मिनिटं

दिवाडीला फेरीबोट लागते तिथून
चालतच जायचं, खाजनाच्या बांधावरून, बगळे उडवत.
फाटकावर पाटी: शनिवारी दहा ते बारा.
कुत्रा म्हातारा आहे. चावत नाही. तुडवू नका.

तिकीट नाही. बिस्किटांचा जुना डबा,
झाकणाला चीर, वर लिहिलंय: शेणखत.

इनासिनबाय काठी घेऊन पुढे,
काठी टेकायला नव्हे, फांद्या उचलायला.
बेचाळीस वर्षांची बाग;
आता जमिनीला ऊन मागून घ्यावं लागतं.
वर सुरंगी, तिच्या काखेत सांबरशिंगी नेचा,
नेच्याच्या मुळांत मुंग्यांनी थाटलेलं गाव,
खाली आंथुरियम, हेलिकोनिया,
आणि एक नुसतंच पान, सुपाएवढं,
त्यावर काल रात्रीचं पाणी, अजून न सांडलेलं.

नावं मला विचारू नका, म्हणाली,
नावं पुस्तकात असतात.
बिअरच्या डब्यांचे पत्रे कापून
खिळ्याने कोरलेल्या तिच्या पट्ट्यांवर
निराळाच जमाखर्च:

जुझेचं अंगण, कुडतरी. तो झोपला होता.
मडगावचं इस्पितळ, मागची गॅलरी. पाऊस.
इगर्जीची कुंडी. पाद्रीने पाहिलं, बोलला नाही.
मामलेदाराचा बंगला. छत्रीत घालून.

म्हणजे सगळी बाग चोरीची.
विकतचं मरतं, मागून आणलेलं कुढतं,
चोरलेलं तेवढं जीव धरतं,
असं तिने सांगितलं,
साखर पाण्यात विरघळते हे सांगावं तसं.

मग विहिरीपाशी थांबली.
आता मी नारळ मोजते, म्हणाली,
आणि आमच्याकडे पाठ केली.
उं, दोयश, त्रेश… मोठ्याने, सावकाश,
एकच नारळ दोनदा, तीनदा.

तिच्या पाठीमागे चट्, चट्.
चिंचवडच्या नव्या नवरीने ओढणीत काहीतरी खोवलं.
एका मास्तरांनी चष्म्याच्या घरातून
चक्क ब्लेड काढलं.
मी एकतीस वर्षं बँकेचा तपासनीस.
माझे हात खिशात.

फाटकाशी फुगलेल्या पिशव्यांकडे
न बघितल्यासारखं बघत ती हसत होती.
माझे मोकळे हात दिसले
आणि तिचा चेहरा पडला.
"कितें रे, कांयच आवडलें ना तुका?"

मला उत्तर आलं नाही.
डब्यात शंभराची नोट टाकली,
ती तिने पाहिलीसुद्धा नाही.

परतीच्या फेरीत, स्कूटरींच्या गर्दीत उभा,
पँटच्या दुमडीला बोट लागलं:
आघाड्याचे दाणे. अकरा. मोजले.
आघाडा, म्हणजे काय, कुठेही उगवतो.
गणपतीला पत्रीत मान,
एरवी उपटून कुंपणापलीकडे.
दहा मांडवीत झटकले.
अकरावा रुमालाच्या गाठीत,
आणि घरी पत्रा कुठला कापावा, हा विचार.

त्यावर कोरायचं काय, ते अजून ठरत नाही.
चोरला म्हणावं,
तर धरलं होतं त्याने.