खडूचा तास

सातवीच्या भूगोलात एक पांढरा कडा होता.
चित्राखाली: खडूचा खडक.
मी वाचून दाखवलं,
डोळ्यांना न दिसणारे जीव, त्यांची कवचं,
समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं
साचत गेली, दाबली गेली, मग कधीतरी वर आली.

हातातला खडू उंच धरला
आणि खरं होतं तेही सांगून टाकलं:
हा तो नव्हे. हा खोक्यातला, जिप्समचा.
आणि आपल्या खाडीवर तसला कडा नाही.
आपल्याकडे जांभा.
पोरं हिरमुसली. खिडकीतून जांभा दिसतच होता,
तांबडा, भोकाभोकांचा, रोजचा.

शेवटच्या बाकावरून द्वारका खवळे उठली.
तिच्या नखांत कायम पांढरं असतं.
"कोटी वर्सां कित्याक, गुरुजी?
माझ्या बापाशीक ह्यां एका रातीत जमता."

रविवारी मी भट्टीवर गेलो.
ओहोटीला वेचलेले खुबे, मुळे, कालवांची टरफलं.
करवंट्यांचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा करवंट्या.
रात्रभर धग. माडाची झापं लांबूनच करपत होती.
पहाटे बाबल खवळ्यांनी राखेतून काढलेल्या शिंपल्यांवर
एक तांब्या पाणी ओतलं.
फस्स.
शिंपले फुगले, तडकले, पीठ होऊन बसले.
"हात लावू नकात," एवढंच बोलले ते.

पुढचं गावाला पाठ आहे.
विड्याच्या पानावर बोटाच्या टोकाएवढा.
तान्ह्याच्या पोटदुखीला वरची निवळी.
माडाच्या बुंध्याला गेरूच्या शेजारी पट्टा.
होडीच्या फळीवर मेस्त्री पांढरी दोरी ताणतो, सोडतो,
आणि समुद्राआधी एक सरळ रेघ उमटते.
दिवाळीच्या सुट्टीत शाळेची मागची भिंतही
बाबलनीच पोतली, पैसे न घेता.

सोमवारी मी पुस्तक उघडलं नाही.
सांगितलं, भट्टीत शिंपल्यातून जे हवेत गेलं
ते भिंतीवरचा चुना हवेतून परत मागून घेतो,
सावकाश, उधारी वसूल केल्यासारखं,
आणि पुन्हा दगड होतो.
हवेतून म्हणजे आपल्या श्वासातूनही.

"म्हंजे आमी पाढे म्हणतंव तां भितीत जाता?"
थोडं जातं, म्हटलं.

सत्तावीस माना मागे वळल्या.
द्वारका उठली, भिंतीला बोट घासलं,
जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.
"चावता," म्हणाली.
"अजून दगड जावक नाय."