एकशे अठ्ठ्याहत्तर

सातपूरला, कारखान्यांच्या भोंग्याच्या हद्दीत आमची शाळा.
भोंगा झाला की मी फळा पुसते
आणि सातवी ब कंपासपेट्या वाजवून मला ओ देते.

आज पेट्या मिटा, म्हटलं.
जुन्या लग्नपत्रिका आणल्यात ना, काढा.
त्रिकोण कापा, कसलाही चालेल,
लांबुडका, बुटका, नाकाड्या.
मग त्याचे तिन्ही कोपरे हातानं फाडा
आणि टोकाला टोक भिडवून वहीत डकवा.

फाडायची परवानगी मिळालेला वर्ग
इतका शांत असतो, हे मला माहीत नव्हतं.
कुणाच्या कोपऱ्यात अर्धा गणपती,
कुणाच्या कोपऱ्यात नवरदेवाचं फक्त आडनाव.
तिन्ही कोपरे शेजारी बसले
आणि खालून रेघ झाली. पट्टी न लावता.
"मॅडम, जमीन झाली," आसिया तांबोळी म्हणाली.

दुर्वेश चारोस्करची जमीन तेवढी खचलेली.
कोनमापक लावून त्यानं तीनदा मोजलं.
एकशे अठ्ठ्याहत्तर.

कंपनीनं दिलेले टॅब चार,
त्यातल्या एकाची काच तडकलेली.
मुलं चौतीस.
शिरोबिंदूवर बोट ठेवायचं, ओढायचं हवं तिकडे.
आकडे पळतात, एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस,
आणि खाली बेरीज ढिम्म, एकशे ऐंशी.
दुर्वेशनं तो बिंदू ओढत ओढत पायावरच आणून टेकवला.
त्रिकोण चपटा झाला, रेघेत विरला.
एकशे ऐंशी, शून्य, शून्य.
"आता हा मेला का, मॅडम?"
वर्ग हसला.
मी हसले नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं.

"आणि माझे दोन गेले कुठे?"

पेन्सिलीच्या जाडीत, मी म्हटलं. डिंकात.
तुझं कोनमापक बाकाच्या फटीत वाकलंय, त्यात.
त्याला पटलं नाही.
ज्याचे दोन हरवतात त्याला
अशी हिशेबाची भाषा पटत नाहीच.

काल सांगितलं होतं, घरातली भूमिती आणा.
सायकलचं स्पोक आलं, चकलीचा सोऱ्या आला,
आणि मोहिनी गांगुर्डेच्या दप्तरातून तिच्या पप्पांचा गुण्या.
पुस्तकातला गुण्या प्लॅस्टिकचा, आरपार दिसणारा.
हा लोखंडी. कडेला सिमेंट वाळलेलं.
हातात घेतला तर मनगट वाकलं माझं.
मोहिनीनं तो भिंतीच्या कोपऱ्यात बसवला,
एक डोळा मिटला.
गुण्या आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर उजेड.
"मॅडम, आपला वर्गच गुण्यात नाही."

सतरा वर्षं याच कोपऱ्याकडे हात करून
मी काटकोन शिकवलाय.

मग मैदान.
दोरीला सारख्या अंतरावर गाठी,
तीन इकडे, चार तिकडे, तिरपी पाच,
तिघांनी ताणून धरली तशी
धुळीत कोपरा उभा राहिला, करकरीत.
मी पायथागोरसचं नाव घेतलं.
"पप्पा फक्त तीन-चार-पाच म्हणतात,"
मोहिनी म्हणाली, "पाया आखताना.
तो माणूस पण गवंडी होता का?"

दुर्वेश लांब उभा, टॅब वर धरून.
पांडवलेण्याच्या डोंगराचा फोटो काढलेला,
त्यावर तीन बिंदू ठेवलेले,
एक शिखरावर, दोन पायथ्याला.
"डोंगराचं पण एकशे ऐंशीच दाखवतोय," तो म्हणाला,
आणि एखादा नको इतकं गोड बोलायला लागला
की आपण बघतो, तसं त्यानं टॅबकडे बघितलं.

सुटीत वह्या तपासल्या.
त्याच्या एकशे अठ्ठ्याहत्तरवर लाल पेन टेकलं,
उचललं.
शेजारी नुसती सही केली, तारखेसकट.

दारात मोहिनी.
"मॅडम, गुण्या आणि दोरी द्या ना.
उद्या पाथर्डी फाट्याला नवा पाया आखायचाय."
दोरीच्या गाठी सोडवायला लागले,
तर म्हणाली, राहू द्या,
गाठी बरोबर आहेत.