ट्रेबल तीनवर

हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं काढली.
निवृत्तीला घड्याळ दिलं त्यांनी,
कानातले वरचे सूर मात्र ठेवून घेतले.

बार्टन स्ट्रीटवरच्या दुकानात मी गिटार जोडतो.
पहिला अ‍ॅम्प नवा, दिव्यादिव्यांचा.
मला तो घोंगडीखालून बोलल्यासारखा.
ट्रेबल वाढवतो. अजून वाढवतो.
काउंटरमागची ब्रॉनविन, असेल बाविशीची,
खांदे पार कानांपर्यंत नेते, आणि हसते.
दुकानदारी.

दुसरा धिप्पाड. बुटांच्या तळव्यांतून वर चढतो.
छान आहे, पण फक्त माझ्या पायांना पटतो.

मग मी अ‍ॅम्पकडे बघणंच सोडतो.
तिच्याकडे बघतो.

कोपऱ्यातला जुना, व्हॉल्व्हचा, कापड उसवलेलं.
तापायलाच मिनिटभर घेतो.
खर्जाची तार छेडली की सूर कडेला जरासा फाटतो,
दुसरी पाळी सुटताना
गेटबाहेर बर्फात उभी राहून
फिलोमेना मला हाक मारायची, तसा.

ब्रॉनविनचे खांदे खाली येतात.
डोळेबिळे मिटत नाही ती;
नुसती पावती लिहायची राहते,
पेन्सिल तशीच हातात.

"ट्रेबल कुठे ठेवू?"
ती उठून येते, बटण सहावरून तीनवर आणते.
मला काडीचा फरक कळत नाही.
"इथे," म्हणते.

कोटाच्या खिशात अजून खडू सापडतो.
पोलादी पत्र्यावर कापायची जागा आखायचो,
तशी तिथे एक रेघ मारतो.