घसारा

रबराला पन्नास टक्के, प्लॅस्टिकलाही पन्नास,
फायबरला तीस, पत्र्याला वयाप्रमाणे.
काचेला घसारा नाही.
बावीस वर्षं मी बडोद्यात ठोकलेल्या गाड्यांची किंमत ठरवतो,
हे कोष्टक मला रामरक्षेपेक्षा पक्कं पाठ आहे.

म्हणून गिटार विकायचं ठरलं तेव्हा
आधी कागद काढला.
खरेदी : रावपुरा, दोन हजार अकराची दिवाळी,
एकतीस हजार पाचशे, पट्टा फुकट.
इंडोनेशियात घडलेली, रंग जांभळाच्या डागाचा,
मधल्या भावाची.
शिकणाऱ्याला महाग, वाजवणाऱ्याला स्वस्त,
म्हणजे थेट माझ्यासारख्याकडे बघून केलेली.

चौदा वर्षं झाली. नियमाने निम्मी.
दुकानात सहज फोन लावला, तर पंकिलभाई म्हणाले,
तीच आता चौऱ्याहत्तर. पुढच्या खेपेला ऐंशी समजा.
डॉलर, जहाजाचं भाडं, लाकूड,
त्यांनी पुष्कळ कारणं सांगितली.
मी कागदावर आडवी रेघ मारली.
घरात एक वस्तू अशी निघाली
जी कपाटामागे उभ्या उभ्या
माझ्या फीच्या पुढे निघून गेली होती.

रविवारी हेत्वी आली.
कारेलीबागेतल्या एका मैदानात गरब्याला वाजवते,
नऊ रात्रींचे पैसे पाकिटात.
मी चहा ठेवला, तिने केस उघडली,
आणि मला माझंच काम
पहिल्यांदा बाहेरून दिसलं.

चॅसिस वाकली का ते मी एक डोळा मिटून बघतो,
तशी तिने मान पाहिली, खुंट्यांकडून खाली.
"काका, जरा वळेली छे."
पुराच्या वर्षी, म्हटलं. विश्वामित्री आत आली होती,
मी पंधरा दिवस दुसऱ्यांच्या गाड्यांतला चिखल मोजत होतो,
ही माळ्यावर, ओल्या गाद्यांच्या शेजारी.
तिने नुसती मान हलवली.
कारणं ऐकताना मीही तशीच हलवतो.

खुंट्या फिरवल्या. खटका पाचही जागी नेला.
आवाजाच्या बटणात खरखर, तिची नोंद झाली.
मग तारा सैल करून
नखाने एकेका पडद्यावरून गेली, सावकाश,
रंगाखालची लांबी शोधताना
मी दारावरून बोट फिरवतो, तसं.

तिसऱ्या तारेखाली, पाचवा ते सातवा :
खड्डे. पायवाटेसारखे.
बाराव्यानंतर
एक ओरखडा नाही.
तिथला धातू अजून रावपुऱ्यातच होता.
"पुढे गेलाच नाहीत तुम्ही,"
ती म्हणाली, या वेळी मराठीत,
बहुधा मला नीट कळावं म्हणून.

दावा खोटा असला तर गाडीच सांगते,
मालक काही का बोलेना,
हे मी नव्या पोरांना शिकवत आलो.
चौदा वर्षांचं माझं वाजवणं :
तीन पडदे, एक तार,
शनिवारी जेवणानंतर, दार लावून.
आणि लग्नाकार्यात कोणी विचारलं
तर, हो, वाजवतो ना.

तिने पंचेचाळीस म्हटलं.
पडदे बदलायला सात-आठ जातील, ते धरून.
रास्त होतं. मीही तेवढेच लिहिले असते,
खाली सही करून, शिक्का मारून.
"विचार करून सांगतो," म्हणालो
आणि ती हसली,
कारण हे वाक्य गिऱ्हाइकाचं असतं.

रात्री अँप न लावता
तेराव्या पडद्यावर बोट ठेवलं.
बारीक आवाज आला, थोडा बेसूर,
नवीन चपलेसारखा.
चौदावा. मग पंधरावा,
तिथे तळहात लाकडाला अडतो
हे मला ठाऊकच नव्हतं.

आतून सुमेधाने विचारलं, विकली का?
बुधवारी, म्हटलं,
आणि अंगठा मागून काढून
सोळाव्याकडे निघालो.