शिडी

खजुरी बाजारात, जिन्याखालच्या माझ्या छापखान्यात
शहराध्यक्षाच्या निवडणुकीचे तेरा दिवस
मशीन रात्रीचंच चालायचं.
झवरची माणसं साडेनवाला येत,
चौकसेची अकरानंतर,
एकमेकांना चुकवत, गल्लीच्या दोन तोंडांनी.
शाई दोघांना एकाच डब्यातली.

पक्ष एकच. झेंडा एकच. तसबिरीही त्याच.
विरोधकांना द्यायचे ते शब्द केव्हाच झिजलेले,
आता घरातलं काढावं लागत होतं:
झवरच्या मेहुण्याचा प्लॉट,
चौकसेच्या पहिल्या लग्नाची तारीख,
कोणाच्या आईच्या तेराव्याला कोण फिरकलं नव्हतं.
मजकूर हिंदीत यायचा, तोंडी सूचना माळवीत,
पैसे मी मराठीत मोजायचे.
लिहून आणलेलं असायचं ‘चरीत्रहिन’,
मी दोन्ही वेलांट्या जागेवर बसवायचे.
बाबा म्हणायचे, शिवी असली तरी शुद्ध हवी.

तळाला मुद्रकाचं नाव नाही.
‘एक शुभचिंतक’, बस.
दोन्हीकडे तोच.

दहाव्या रात्री टोणगावकर आले.
तिसरे उमेदवार.
रामबागेपासून सायकल हातात धरून, चेन उतरलेली.
एकोणचाळीस वर्षं सभेआधी सतरंज्या घालणारे
आणि सभेनंतर मोजून गुंडाळणारे.
मला वाटलं, हात जोडलेल्या फोटोचं पत्रक असेल.
ते स्टुलावर बसले. झवरचा गठ्ठा उचलला,
मग चौकसेचा,
चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“माझ्याविरुद्ध काही आलं नाही?”
“नाही.”
“कुणाकडूनच?”
मी मशीनकडे बघितलं.
“मग एक छाप,” म्हणाले. “पाचशे. खर्च माझा.”

आरोप काय टाकायचा, यात बारा वाजले.
पैसा? तो त्यांच्या हातात कोणी कधी दिलाच नव्हता.
बाई? ते लाजले,
सरोजकाकूंचं नाव घेतलं आणि पुन्हा लाजले,
काकू जाऊन सहा वर्षं झाली तरी.
पक्ष बदलणं? “बोलावलं कुठे कोणी!”
मी म्हटलं, मग खोटं लिहू, सगळे तेच करतात.
“खोटं नको गं,
कोणी विचारलं तर काय सांगू?”

चहा दोनदा झाला.
मग खाली बघत, ठाण्यात जबाब द्यावा तसं:
“सत्त्याऐंशी साली कार्यालयाची शिडी
पताका लावायला म्हणून नेली होती.
परत केली नाही.
अजून आहे. माळ्यावर चढायला लागते.”

अठ्ठेचाळीस पॉइंटात लावलं:
‘शिडीचोर टोणगावकर जवाब दो’.
इतकं लहान पाप इतक्या मोठ्या टाइपात
मी आधी कधी बसवलं नव्हतं,
अक्षरांमधून वारा जात होता.
त्यांनी प्रूफ हातभर लांब धरलं.
“शोभतं,” म्हणाले.
“खाली शुभचिंतक घालू?”
“घाल की. आहेसच तू.”

रविवारी मतं मोजली.
झवर आला. चौकसेने पहिला हार घातला,
दोघांचे पंटर एकाच जीपला लोंबकळत गेले.
टोणगावकरांना सात.
त्यातलं सातवं कोणाचं,
ते अजून विचार करतात.

सोमवारी कार्यालयातून एक पोरगा रामबागेत गेला.
शहरभर एवढा कागद उडाला होता,
प्लॉटचं कोणी विचारलं नाही,
तारखेचं नाही, तेराव्याचं नाही.
शिडी तेवढी मागितली.
त्यांनी पुसून दिली. पावती घेतली.

परवा बिल चुकवायला आले होते.
मी विचारलं, माळ्यावर आता कसं चढता?
“नाही चढत.
काकूची पितळेची भांडी आहेत, ती राहतील वर.”
नोटा दोनदा मोजून ठेवल्या,
आणि जाताना दारातला माझा बोर्ड
जरा वाकडा होता तो
टाचा उंचावून सरळ करायला गेले.
हात पोचला नाही.